रेवदंड्याच्या वाळूची मोहीम

श्रीमोरयाचे पायी मस्तक ठेवून, मुक्काम चिंचवड, स्टेशनामागील कॉलनी, घर नंबर सात, येथील कारभार ज्यांचे हुकमाने चालतो त्या इंदुताई खासा आपल्या हाताने लिहितात ऐसीजे. आमच्या सूनबाईंची वागणूक बरी नाही. हे आरंभीच लिहून ठेवितो, म्हणजे पुढे कोणी म्हणू नये की तुम्ही आधी का नाही सांगितले. घरात थंड कपाट एक, त्यास खण तीन, त्यांत वरचा खण बर्फाच्या पेटीस लगटून, सर्वांत गार, म्हणजे कपाटाची राजधानीच. आणि त्या राजधानीत देवाच्या नैवेद्याचे लोणी, कपाट घरात आले त्या दिवसापासून तख्तनशीन. ते लोणी तख्तावरून उतरवून त्या जागी काय बसवावे ऐसी सूनबाईंनी अर्जी केली? चिखल. सुनांनी पाटल्या मागितल्या, वेगळे बिऱ्हाड मागितले, हे आम्ही पुष्कळ ऐकिले आहे आणि दोन घरी डोळ्यांनी पाहिलेही आहे. चिखलाकरिता गारवा मागणारी सून आळंदीपासून देहूपर्यंत दुसरी दाखवावी, आम्ही तिच्या सासूची ओटी भरू.

हा मजकूर लिहिण्याचे प्रयोजन ऐसे की, घर नंबर अकराच्या शालनबाई, मूळ मुलूख करमाळा, या नळावर आणि पिठाच्या गिरणीत उभ्या राहून हरतालिकेच्या दिवशीची हकीकत उलटी सांगतात, आणि रयत ऐकते. आमचे शिक्षण चौथी. परंतु आमच्या वडिलांनी दिवेलागणीस जुन्या बखरी मोठ्याने वाचाव्या आणि आम्ही शेंगा सोलीत ऐकाव्या, ऐसी दहा वर्षे गेली; तेव्हा कोणत्या लढाईस कोणता शब्द लावावा हे आम्हांस करमाळ्याने शिकवू नये.

आता सूनबाई कोण, ते. नाव चारुलता, चिरंजीव गुरुदत्त यांची स्त्री, विद्या एम. एस्सी., आणि तेवढ्यावर समाधान न होता डॉक्टर होण्याचा मनसुबा. डॉक्टर म्हणजे नाडी पाहणारी नव्हे, आम्हांस खोकला झाला तर तिचा काडीचा उपयोग नाही. हिची सुभेदारी दर्याच्या तळाशी. दर अमावास्येस हिने पहिली एस. टी. धरावी आणि पनवेलीवरून रेवदंड्यास जावे आणि ओहोटी साधून तिवरांच्या झाडीत गुडघाभर चिखलात उतरावे आणि लोखंडी नळा रोवून गाळ काढावा, मग कोळ्याच्या होडीत बसून खाडीच्या मुखाबाहेर जावे आणि दोरास बांधलेला लोखंडी पंजा तळास सोडून, त्याच्या मुठीत येईल ती दर्यातळची वाळू वर ओढावी, आणि हा सर्व खजिना डालडाच्या डब्यांत भरून, डब्यांवर इंग्रजीत काहीबाही लिहून, आमच्या घरी आणावा. मग मोरीत बसून गाळ चाळावा आणि त्यातले किडे मोजावे. होय, मोजावे. आणि उरलेला गाळ पुण्यास कॉलेजात नेऊन त्यात कर्ब किती ते तपासावे. कर्ब म्हणजे कोळशात असतो तो. कोळसा पाहावयाचा तर स्टेशनापलीकडे वखार आहे, त्यास रेवदंडा कशाला, हा आमचा सवाल. त्यावर गुरुदत्त हसला, म्हणजे आमचेच बरोबर.

सूनबाईंच्या पुण्याच्या गुरुजींचे फर्मान ऐसे होते की, बारा अमावास्यांचा गाळ सलग पाहिजे, मधली एक जरी तुटली तरी मागले सर्व रद्द आणि पुनश्च पहिल्यापासून आरंभ. मार्गशीर्षात तिने मोहीम सुरू केली. वैशाखात उन्हाने तिच्या मानेची कातडी सोलवटून निघाली, आषाढात घाटात दरड आल्यामुळे खोपोलीस एस. टी.च्या बाकावर सहा तास बसली, आणि श्रावणातील अमावास्येची ही नववी खेप, तीत होडी पावसात सापडून सूनबाई परत आल्या त्या ताप घेऊनच. हे सर्व आम्हांस ठाऊक नव्हते ऐसे नाही. तीन वेळा तिने आम्हांपाशी बसून किड्यांचे माहात्म्य सांगू पाहिले, आणि तिन्ही वेळा आम्ही हुकूम केला की, आधी मेथी निवडावी. आणखी एक अर्जी तिची आमच्या दरबारी पडून होती. आश्विनातील अमावास्या म्हणजे लक्ष्मीपूजन, आणि त्या दिवशीही रेवदंड्यास जाऊ का, ऐसे तिने विचारिले होते. घरची लक्ष्मी लक्ष्मीपूजनास चिखलात! आम्ही उत्तर दिले नाही. उत्तर न देणे हे आमचे सर्वांत कडक उत्तर होय.

तो शके एकोणीसशे, कालयुक्त नाम संवत्सर, भाद्रपद शुद्ध तृतीया, हरतालिकेचा दिवस उजाडला. या दिवशी बायकांनी वाळूचा महादेव करावा आणि पाण्याचा थेंबही न घेता पूजावा आणि दुसरे दिवशी नदीत विसर्जन करावा, ही रीत. वाळू दरवर्षी पवनेच्या घाटावरून येते. यंदा पवना घाटाच्या वरच्या पायरीस लागली होती आणि पाणी चहासारखे. कॉलनीच्या तोंडाशी कंत्राटदाराचा वाळूचा ढीग आहे, परंतु तेथे आठ कुत्र्यांचा तळ, आणि त्यांनी त्या ढिगावर काय काय अर्पण केले होते ते लिहिण्याजोगे नाही. शालनबाईंच्या घरी चौदाजणींची पूजा ठरलेली. साडेआठाचे सुमारास शालनबाई आमच्या दारी आल्या.

“काकू, वाळू न्हाई कुठंच. म्हादेव कशाचा करायचा? कणकीचा?”

येथे वाचणाराने एक गोष्ट ध्यानात घ्यावी. मागल्या वर्षी याच शालनबाईंनी माहेराहून भीमेची वाळू आणविली होती, आणि भीमेच्या वाळूचा डंका या कॉलनीत दिवाळीपर्यंत वाजत होता. तेव्हा आम्ही उठलो आणि थंड कपाट उघडिले आणि खालच्या खणात पाच डबे होते त्यांतले चार हुंगून बाजूस ठेविले, कारण त्यांस कुजक्या अंड्याचा दर्प. पाचव्यात वाळू निघाली, करडी, बारीक, ओली, शिंपल्यांच्या चुऱ्याने चमकणारी. आम्ही तो डबा शालनबाईंच्या हाती देऊन बोललो, “ही घे. दर्याच्या तळची आहे. समुद्र म्हणजे सगळ्या तीर्थांचं माहेर. तुझी भीमा शेवटी जाते कुठं? समुद्रातच ना?” शालनबाईंचे तोंड लिंबाएवढे जाहले. तो देखावा पाहून आम्हांस निर्जळी उपासात जेवल्याचे समाधान मिळाले.

सूनबाईंस विचारिले का नाही, ऐसे कोणी पुसेल. सूनबाई तापाने आतल्या खोलीत निजल्या होत्या. निजलेल्या माणसास उठवू नये ही आमच्या घराची रीत आहे.

दहा वाजता सूनबाई आपणच उठल्या आणि शाल पांघरून गाळ चाळावयास निघाल्या आणि कपाट उघडिले. मग बराच वेळ कपाटाचे दार लागल्याचा आवाज आला नाही. आम्ही जाऊन पाहतो तो सूनबाई फरशीवर बसलेल्या, मांडीवर चार डबे.

“आई, वाळूचा डबा?”

“दिला. देवाला दिला. शालनकडे हरतालिका आहे.”

तिने आम्हांस दोष दिला नाही. दिला असता तर आम्ही भांडलो असतो आणि जिंकलो असतो. ती नुसती म्हणाली, “मग नववी अमावास्या गेली.” आणि डब्यांवरचे पाणी पदराने पुसू लागली. पुसलेलेच पुन्हा पुसू लागली. हा प्रकार आम्हांस सोसवेना. मग आम्ही पाट ओढून बसलो आणि फर्माविले की, त्या वाळूत ऐसे काय ठेविले आहे ते एकदा नीट सांगावे, आज मेथी नाही.

“तिवरांची पानं गळून खाडीत पडतात, आई. हवेतला कर्ब घेऊनच ती वाढलेली असतात. तळाचे किडे ती खातात, ओढून खाली नेतात. त्यातला काही कर्ब परत पाण्यात जातो, हवेत जातो. आणि काही गाळाखाली दबून राहतो. शेकडो वर्षं राहतो. किती सुटतो आणि किती राहतो, ते त्या खाडीत अजून कोणी पाहिलेलंच नाही.”

“म्हणजे पेवच की गं ते. जमिनीत धान्य पुरून ठेवतात तसं.”

“हो आई, पेवच.”

“आणि किडे म्हणजे पेवातले उंदीर.”

“उंदीर नुसते खातात. हे खातातही आणि पुरूनही ठेवतात. हे जिवंत आहेत तोवर तळ जिवंत. तळ मेला की वर मासळी राहत नाही.”

आम्ही विचार केला. खाऊन वर आणखी पुरून ठेवणारा प्राणी आमच्या पाहण्यात एकच, घरची बाई. परंतु हे बोलून दाखविले नाही. मग पुसिले की, वाळू परत आणली तर चालेल की नाही. सूनबाई बोलल्या की चालेल, पण पंचामृत पडण्याच्या आत. “दूध, दही, तूप, मध, साखर, सगळा कर्बच आहे, आई. एक पळी पडली की त्या वाळूतून खाडीचं काही कळणार नाही. दह्याचं कळेल.”

भटजी अकरास येणार होते. घड्याळात दहा वाजून वीस मिनिटे. चिरंजीव गुरुदत्त फर्स्ट शिफ्टच्या मोहिमेवर, त्यांची कुमक येणे अशक्य. यजमान रंगरावसाहेब वर्तमानपत्राच्या तटाआड तळ देऊन होते. त्यांनी पत्राची एक बाजू खाली करून परिस्थिती पाहिली आणि बाजू परत वर केली. तेव्हा आम्ही खासा निघालो. हाती छत्री घेतली, पायी चपला घातल्या, आणि मागे सूनबाई, अंगात ताप, काखेत चाळणी, हाती रिकामा डबा, ऐसी आमची फौज घर नंबर अकरावर चालून गेली. वाटेत चिखल होता. सूनबाईंनी त्याकडेही निरखून पाहिले. काय म्हणावे!

तेथे पाहतो तो बाका प्रसंग. मखर उभे आहे, केळीचे खांब लागले आहेत, चौदाजणी हिरव्या चुड्यांनी पाटाभोवती दाटल्या आहेत, मध्ये आमच्या वाळूचा महादेव, वीतभर उंच, आणि कोणी बसली नाही, सगळ्या उभ्या, सगळ्यांचे हात जोडलेले. झाले होते ऐसे की, शालनबाई पिंड थापटीत असता पिंडीचा माथा हलला आणि आतून करंगळीएवढा तांबूस किडा, दोन्ही अंगांस पायांच्या झालरी ऐसा, वळवळत वर आला; आणि शालनबाईंनी “अगं बया, नागोबा आला म्हादेवाच्या डोसक्यावर!” ऐसी आरोळी ठोकली, ती वाण्याच्या दुकानापर्यंत ऐकू गेली. मग त्या किड्यास ताम्हनात थोडे पाणी घालून, बेलाचे पान अंथरून बसविले होते. कॉलनीत एवढा मान रंगरावसाहेबांस तीस वर्षे नोकरी करून मिळाला नाही.

आम्ही प्रथम सामोपचाराने बोललो की, ही वाळू द्यावी, दुसरी चांगली आणवितो.

“आता गं बया! बसलेला देव उठवायचा व्हय, काकू?”

आम्ही कायदा दाखविला की, भटजी आले नाहीत, मंत्र म्हटला नाही, प्राणप्रतिष्ठा झाली नाही, तोपर्यंत प्राण नाही आणि ती नुसती वाळूच.

“प्राण न्हाई कसा? या डोळ्यांनी बघितलाय की हालताना!”

पहिला हल्ला मोडला. मग आम्ही दुसऱ्या बाजूने मोर्चा लावून सांगितले की, दर्याच्या तळी मासे मरतात, खेकडे कुजतात, ऐसी वाळू सोवळ्यात चालत नाही, व्रत बाटेल. शालनबाई कमरेवर हात ठेवून आमच्याकडे पाहत राहिल्या, आणि चौदाजणींनी ऐकावे ऐशा सुरात बोलल्या, “समुद्र म्हंजी समद्या तीर्थांचं म्हायार, असं कोण म्हनालं हुतं वं सकाळी?” मागे दोघी पदरात हसल्या. त्या कोण ते आम्हांस माहीत आहे. त्यांची नावे येथे लिहीत नाही, संक्रांतीस पाहू.

इतक्यात कॉलनीच्या कोपऱ्यावर भटजींच्या सायकलची घंटा वाजली. भटजींस त्या दिवशी अकरा घरे, ते सायकलवरूनच संकल्प म्हणत येतात. शालनबाईंनी पंचामृताची वाटी उचलली. सूनबाई उंबऱ्यावर उभ्या, तापाने डोळे लाल, त्यांनी आमची बाही हळूच ओढून म्हटले, “राहू द्या, आई. त्या सकाळपासून उपाशी आहेत. मी करीन परत. मार्गशीर्षापासून.”

हे वाक्य आम्हांस तोफेच्या गोळ्यासारखे लागले. मार्गशीर्षापासून म्हणजे पुन्हा बारा एस. ट्या, पुन्हा बारा होड्या. आणि ते कशामुळे, तर भीमेच्या वाळूवर ताण करण्याची एका सकाळची हौस, ती कोणाची हे लिहिण्याची गरज नाही. मग आम्ही छत्री मिटून भिंतीस टेकविली आणि पाटासमोर जाऊन उभे राहिलो आणि मोठ्या आवाजात पुसिले:

“ऐका गं सगळ्याजणी. दुसऱ्याच्या झाडाची फुलं न विचारता आणून देवाला वाहिली, तर पुण्य कोणाला?”

“झाडाच्या मालकाला,” चार-पाचजणी एकदम बोलल्या. हे लहान मुलीसही ठाऊक असते.

“मग ही वाळू कोणाची?”

“तुमची,” शालनबाई बोलल्या.

“माझी नाही. हिची. हिनं होडीतून जाऊन काढलीय.”

“पर दिली तुम्हीच की!” शालनबाईंनी वाटी खाली ठेविली. करमाळ्याचे पाणी, बरोबर जागी पोचले. त्यांनी एक पाऊल पुढे टाकून विचारिले, “काकू, हिला इचारून दिली का न इचारता?”

चौदा जोडी डोळे आमच्यावर. वीस वर्षे आम्ही या कॉलनीत आहो. पाणी आले नाही तर नळाचा दोष, भात लागला तर स्टोव्हचा दोष, गुरुदत्त नापास झाला तेव्हा मास्तरचा दोष. आमच्या दाराशी दोष आला आणि आत शिरला ऐसे घडले नाही. सूनबाई पाठीमागून काही बोलू गेल्या, बहुधा आम्हांस झाकण्याकरिता खोटे. आम्ही हात वर करून तिला थांबविले आणि शालनबाईंस जो जबाब द्यावयाचा तो दिला. त्या जबाबात शब्द चार होते. ते येथे उतरविण्याचे कारण नाही. चौदाजणींनी ऐकिले, तेवढे पुष्कळ जाहले.

मग त्या शब्दांचा अर्थ हळूहळू सर्वांच्या डोक्यात उतरला, आणि उतरला तसा हाहाकार जाहला.

“म्हंजी आम्ही चौदा बायांनी दिसभर घशाला कोरड पाडायची,” शालनबाई ओरडल्या, “आन् पुण्य समदं हिला? या चिखलवालीला?”

“चौदा पट,” आम्ही सांगितले.

सूनबाईंनी, मला पुण्य नको, ऐसे बोलण्यास तोंड उघडिले, तो आम्ही तिच्या पायावर पाय दिला. शिकलेल्या माणसास कोठे गप्प बसावे ते कळत नाही. मग जी धावपळ उडाली ती काय वर्णावी! ज्या हातांनी महादेव थापला त्याच हातांनी तो मोडून, चिमूट चिमूट वेचून, पाटाच्या फटीतले कणदेखील हळदीकुंकवाच्या काडीने कोरून काढून डब्यात भरले, कारण एक कणही मागे राहिला तर तेवढे पुण्य घर नंबर सातास जाईल, ही धास्ती. बेलाचे एक पान आत पडले होते ते सूनबाईंनी चिमट्याने उचलून बाहेर टाकिले. भटजी एक पाय पॅडलवर ठेवून दारात येऊन विचारते जाहले की, काय प्रकार आहे. त्यांस हुकूम दिला की, आधी चौदा नंबर उरकावा.

राहता सवाल दुसऱ्या वाळूचा. चौदाजणी रिकाम्या पाटाकडे पाहू लागल्या आणि एकजण रडू लागली. तो आतल्या खोलीतून शालनबाईंचे यजमान सोनबा, फौंड्रीत कामास, तिसऱ्या शिफ्टहून येऊन झोपलेले, ते गलबल्याने जागे होऊन लुंगी सावरीत बाहेर आले.

“वाळू पायजे व्हय? माज्या कॉटखाली हाय की पिशवीभर. मोरीच्या कोब्यासाठी आणलीया. साच्याची कोरी वाळू हाय, गेटपास घिऊन आणलीया.”

शालनबाई थक्क. “अवं, मग सकाळपासनं बोलला का न्हाई?”

“मला कुणी इचारलं?”

हा सवाल त्यांनी बायकोस केला, परंतु आम्ही उगाच छत्री शोधू लागलो. पिशवी उघडिली तो आत वाळू ऐसी स्वच्छ, साखरेसारखी पांढरी, की पवनेनेही लाजावे. ज्या वाळूच्या साच्यात इंजिने ओतावयाची तिचा महादेव जाहला, आणि तो इतका घट्ट बसला की दुसरे दिवशी विसर्जनास दोघींना उचलावा लागला. ही वाळू भीमेहूनही सरस, ऐसे आता शालनबाई सांगत फिरतात. सांगोत.

तह होण्यास एक कलम अडले. शालनबाई ताम्हन पाठीशी धरून बोलल्या की, वाळू न्यावी, नागोबा तेवढा राहू द्यावा. आम्ही पुन्हा लढण्यास पदर खोचला, परंतु सूनबाई पुढे जाहल्या आणि मऊपणे बोलल्या, “शालनमावशी, हे गोडं पाणी आहे. यात तो मरेल. त्याचं घर खाऱ्या पाण्यात आहे.”

शालनबाईंनी ताम्हनात वाकून पाहिले. किडा बेलाच्या पानाखाली शिरून गुंडाळी करून बसला होता. “घर हाय व्हय त्याला?” त्या बोलल्या. मग ताम्हन पुढे केले. “न्या बया. पर सुखरूप पोचवा.” सूनबाईंनी मान हलविली. तो किडा पुढे काचेच्या बाटलीत औषधात बुडून कॉलेजच्या फळीवर पोचणार होता, हे तिने सांगितले नाही. एवढी राजनीती तिला येते हे पाहून आम्हांस प्रथमच वाटले की, ही पोर आमच्या घरात टिकेल.

घरी येऊन सूनबाई मोरीत चाळणी घेऊन बसल्या. अंगात ताप होता, म्हणोन चाळणी आम्ही धरली, आणि तिने रेवदंड्याहून कॅनमध्ये आणलेले खारे पाणी आम्हीच तांब्याने ओतले, आणि तिने भिंग हाती दिले तेव्हा नाही म्हणणे बरे दिसेना म्हणोन पाहिले. एकेकाचा थाट पाहावा! नखाएवढा जीव, पायांच्या रांगाच्या रांगा, तोंडात कुजक्या पानाचा कपटा धरून चालला आहे, जसा काही हत्ती अंबारी घेऊन चालला. खातो काय तर कुजका पाला. आणि एवढ्यासाठी आमच्या सुनेस ताप. आम्ही त्यांस मोजू लागलो, तो सूनबाईंची मोजणी चुकली आणि आमची बरोबर आली. नागोबा धरून त्रेचाळीस. तो आकडा सूनबाईंनी वहीत नवव्या अमावास्येच्या घरात लिहिला. मग रंगरावसाहेबांनी वर्तमानपत्र घडी करून ठेविले आणि विचारिले की, काही झाले काय.

येणेप्रमाणे शके एकोणीसशे, भाद्रपद शुद्ध तृतीयेस, दोन प्रहर होण्याच्या आत, दर्यातळची वाळू पंचामृताचे तोंडातून सोडवून, सर्व किड्यांसह, एक कणही न गमावता स्वमुलुखात आणिली, नवव्या अमावास्येचे निशाण कायम राहिले, आणि शालनबाईंची कोणतीही अट न मानता, चार शब्दांखेरीज काही न देता, घर नंबर सातची फत्ते जाहली, हे साक्षात घडले तसे लिहिले असे.

सायंकाळी सूनबाई पाचही डबे घेऊन थंड कपाटाशी आल्या आणि खाली वाकून नेहमीप्रमाणे ते खालच्या खणात ठेवू लागल्या. तेव्हा आम्ही खुर्चीवरून न उठता तिला निकाल ऐकविला, तो येणेप्रमाणे:

“तिथं नको. लोणी खाली घे, डबे वर ठेव. आणि लक्ष्मीपूजनाला जायचं ते जा, दिवे लावायला मी आहे. पण चूक तुझीच. डब्यावर इंग्रजीत लिहितेस, ते माझ्यासारखीनं वाचायचं कसं? यापुढं मराठीत लिही, मोठ्या अक्षरात, चष्म्याशिवाय मला दिसेल एवढं. मग बघते, कोण हात लावतंय ते.”